नाव न घेतलेला हिरवा

आमच्या रंगखोलीत रंगाचं नाव घ्यायला बंदी होती. शेजाऱ्यांची उणीदुणी चालायची, माझ्या नवऱ्याची नक्कल तर रोज चालायची. पण हंड्याखाली जाळ असताना कोणी ‘हिरवा’ किंवा ‘निळा’ म्हणालं, की सासूबाई हातातली काठी हंड्याच्या काठावर आपटायच्या. “नाव घेतलं की डोळा नाव बघतो,” त्या म्हणायच्या, “रंग बघायचं सोडून देतो.” हा नियम त्यांना त्यांच्या वडिलांनी दिला होता. वडिलांना कोणी दिला ते विचारायला कोणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे तो मोडायचीही सोय नव्हती.

मी या घरात आधी विणायला आले आणि मग सून झाले. खालच्या मजल्यावर दोन खोल्या. एकीत त्यांचे हंडे, दुसरीत माझा माग, आणि मधलं दार वाफेनं फुगून कधीच नीट न लागणारं. त्या लोकर रंगवायच्या, मी तिचे गालिचे विणायचे. सासू-सुनेचं अगदी मायलेकींसारखं जमतं, असं कोणी सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठते. आमचं जमत नव्हतं, चालत होतं. आणि चालत्या गाडीला खीळ कोण घालतं?

गल्लीत त्यांना सगळे आक्का म्हणायचे. अंगानं बारीक, हात मात्र कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे. वजनकाटा त्यांनी कधी वापरला नाही. रंग चिमटीनं, तुरटी मुठीनं, पाणी हंड्याच्या आतल्या डागापर्यंत. लोकरीची लडी काठीनं उचलायच्या, तिचा एक धागा डाव्या मनगटावर ठेवायच्या, फुंकून फुंकून वाळवायच्या आणि खिडकीशी नेऊन बघायच्या. तेवढा वेळ खोलीत कोणी खोकायचंसुद्धा नाही. मग त्या म्हणायच्या, “आला.” तो ‘आला’ ऐकला की पुढे वाद नाही. आणि माप कुठे ठेवलेलंच नसल्यामुळे आणखी एक नियम होता: गालिचा मागावरून उतरेपर्यंत रंगवणाऱ्यानं जागा सोडायची नाही. एक लडी कमी पडली, तर पुन्हा तोच रंग त्याच डोळ्यानं करावा लागतो.

डोळा हे आमच्या घराचं भांडवल होतं, आणि तो त्यांचा होता.

हिरवा कधी सरकायला लागला ते मला सांगता येणार नाही. रोज घरात असलेल्या माणसाचं वय जसं दिसत नाही, तसंच ते. त्यांचा पानाचा हिरवा ठरलेला होता, साधा, उन्हात धरलेल्या कोवळ्या पानासारखा. एकदा विणता विणता मला दिसलं, की आजची लडी कालच्या लडीला लागत नाही. कालची पानाची आहे, आजची पाण्याकडे झुकली आहे. पुढची त्याहून खोल. मी दोन्ही उचलल्या आणि दार ढकलून आत गेले.

“आई, या दोन एकमेकींना लागत नाहीत.”

त्यांनी दोन्ही धागे मनगटावर ठेवले, खिडकीशी नेले, मान इकडची तिकडे केली. “लागतात की. तुझे डोळे दाखवून घे कोणाला तरी.”

आता मी काय म्हणणार होते? ‘यात निळा जास्त आहे’ एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढंच त्या खोलीत म्हणता येत नव्हतं. काठी त्यांच्या हातात होती. मी लड्या घेऊन परत आले आणि विणल्या. नवरा रोज आत जायचा, लोकर पोचवणारा जायचा, चुलीचं बघायला येणारा जायचा. सगळ्यांना दिसत असणार. पण पिढ्यान्‌पिढ्या त्या उंबऱ्याच्या आत तोंड बंद ठेवायची सवय लागलेली. सगळे मूग गिळून बसले. रंग वाचवायला केलेल्या नियमानंच रंगाला हळूहळू पळवून नेलं, आणि आम्ही दारात उभे राहून बघत होतो.

आमचे जुने व्यापारी कुरकुर करायला लागले. रंग नेहमीचा नाही, गिऱ्हाईक बिचकतं म्हणाले. आता घरात कोणीतरी तोंड उघडेल असं मला वाटत होतं. तेवढ्यात ती डिझायनर बाई आली.

ती मोठमोठ्या जागा आतून सजवून द्यायची: हॉटेलं, दवाखाने, श्रीमंतांची घरं. लोकांना रंग विकणारी ही मंडळी स्वतः डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात का असतात, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नवऱ्यानं अंगणात एक गालिचा उन्हाला टाकला होता, कोणी न घेतलेला. ती बोलता बोलता थांबली. बूट काढले, गालिच्यावर गुडघे टेकून बसली आणि हात फिरवायला लागली. हिरव्यातून निळसर, निळसरातून पुन्हा हिरवा, एकाही ओळीचा रंग शेजारच्या ओळीसारखा नाही. बादलीतलं पाणी धक्क्यानं हलावं तसा तो गालिचा हलत होता. मी इतके दिवस तो चुकलेला म्हणून विणत होते, म्हणून मला तो दिसलाच नव्हता. त्या दिवशी दिसला. खोटं कशाला सांगू, सुंदर होता.

“हा रंग कोणी केला?” तिनं विचारलं.

सासूबाई दारात हात पुसत उभ्या होत्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. गालिचा कोणी विणला हे कधीमधी विचारतात, कितीला हे तर सगळेच विचारतात. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “मी.” एवढंच. पण त्या ‘मी’मध्ये जे होतं ते ऐकून मी दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर आमच्याकडे मागाला उसंत राहिली नाही. त्या रंगाच्या उशा झाल्या, त्या रंगाला जुळवून कुठल्याशा उपाहारगृहाच्या भिंती रंगवल्या, कोणी म्हणे त्या रंगाचा जिना केला. डिझायनर बाईनं त्याला एक लांबलचक परकं नाव दिलं; ते नवऱ्याला पाठ झालं, मला कधी झालं नाही. सासूबाईंचा फोटो तिच्या दालनात लागला, मनगटावर धागा ठेवून खिडकीशी उभ्या असलेल्या. त्या रंगखोलीत जाताना केस विंचरून जायला लागल्या. “आक्का, तुमची नजर काय धाडसी आहे,” ती म्हणायची. सासूबाई मला हळूच विचारायच्या, “धाडसी म्हणजे गं काय? मी आपला पानाचा करते. वडिलांनी शिकवला तोच.”

त्यांना खरंच तो पानाचाच दिसत होता.

हे मला पायरीवर कळलं. अंगणात उतरायच्या पायऱ्यांवर त्या पडल्या. शेवटची पायरी दिसलीच नाही म्हणाल्या. हाड वाचलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघता बघता डोळ्यात बॅटरी मारली आणि पाय विसरून गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बराच जुना. “यांना निळं दिसायचं केव्हाच कमी झालं असणार,” ते म्हणाले. “आतली काच पिवळी होत होत तपकिरी होते. माणसाला पत्ता लागत नाही, कारण ते एका दिवसात होत नाही.” आधी डावा करू, मग काही आठवड्यांनी उजवा, असं ठरलं. बाकड्यावर माझा नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी भिंतीकडे. आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं होतं, की तो प्रसिद्ध हिरवा कुठून आला: निळं दिसेना म्हणून त्या हंड्यात ते वाढवत गेल्या होत्या.

डावा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर त्या घरी आल्या आणि त्यांनी सगळ्यांना धारेवर धरलं. स्वयंपाकघराचा ओटा एवढा मळका कसा, मुलाच्या डोक्यात एवढे पांढरे कसे. “आणि तुझ्या कपाळावर या आठ्या कधीच्या?”

“तुमच्याकडे आले तेव्हापासूनच्या,” मी म्हणाले. त्या मनापासून हसल्या. तो बरा दिवस होता, तेवढा भाग.

मग त्या रंगखोलीत गेल्या. मी मागावर होते; फुगलेलं दार ढकलल्याचा आवाज आला आणि नंतर काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही, म्हणून मी उठले. दोरीवर ऑपरेशनच्या आधी रंगवलेल्या लड्या वाळत होत्या. त्या एकेक हातात घेऊन बघत होत्या.

“हे कोणी केलं?”

तोच प्रश्न. डिझायनर बाईनं विचारला तोच.

“तुम्ही, आई.”

त्यांनी डावा डोळा हातानं झाकला आणि उजव्यानं लडी बघितली. मग उजवा झाकला आणि डाव्यानं बघितली. पुन्हा डावा. लहान मूल काहीतरी खेळतंय असं कोणाला वाटलं असतं. “या डोळ्याला माझा आहे,” त्या उजव्याबद्दल म्हणाल्या, “आणि या डोळ्याला कोणाचा तरी आहे.” मग काठी शोधून हातात घेतली आणि खाली बसल्या. “आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत.”

बोलायला बंदी कोणाची होती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

डिझायनर बाईचं मोठं काम तेव्हाच आलं. समुद्राकाठच्या एका नव्या हॉटेलच्या दिवाणखान्यात काचेच्या भिंतीसमोर अंथरायचा एकच प्रचंड गालिचा, तोच रंग. सासूबाईंनी जुनी लडी समोर टांगली आणि नव्या डोळ्यानं तिच्यासारखा रंग करायला घेतला. त्यांना तो जमला, धाग्याला धागा लागला. मी चौकोनभर विणून दिलं. ते बघून डिझायनर बाई अवघडून म्हणाली, “रंग तोच आहे, पण हलत नाही.” खरं होतं. आधी त्यांना फरकच दिसत नव्हता, म्हणून प्रत्येक लडी आपोआप वेगळी व्हायची. आता फरक दिसत होता, आणि दिसला की त्यांचा हात तो पुसून टाकायचा. मी म्हटलं, मुद्दाम थोडं चुकवा. त्यांनी करून बघितलं. मुद्दाम केलेली चूक मुद्दाम केल्यासारखीच दिसते. गालिच्यावर पट्टे उमटले.

मग माझ्या नवऱ्याला शहाणपण सुचलं. त्यानं मोटारसायकलवाले घालतात तसा पिवळ्या काचांचा चष्मा आणला. सासूबाईंनी तो चढवून हंड्यात पाहिलं आणि म्हणाल्या, “लिंबाच्या सरबतात बुडाल्यासारखं वाटतंय. काढा हे.” आम्ही तिघंही हसलो. त्या चष्म्याचा उपयोग पुढे कांदे चिरायला झाला.

युक्ती सापडली ती अपघातानं. डाव्या डोळ्यात औषधाचा थेंब घातला, की थोडा वेळ वर झाकण लावायचं होतं. झाकण लावलेलं असतानाच हंडा उकळला, वाया जाऊ नये म्हणून त्यांनी नुसत्या उजव्यानं काम उरकलं. लडी वाळली, मी हातात घेतली, आणि ती हलत होती. तो रंग परत आला होता.

त्यांना सांगताना मला आनंद झाला होता, हे नाकारून काय करू. एका क्षणापुरताच झाला. दुसऱ्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला पुढचं सगळं कळलं.

“आई, उजव्यासाठी डॉक्टरांनी बोलावलंय,” मी आठवण केली.

“सांग त्यांना, गालिचा उतरला की येते.”

“मोतीबिंदू तुमच्या गालिच्यासाठी थांबायचा नाही.”

“इतकी वर्षं थांबलाच ना.”

मी नवऱ्याला सांगून पाहिलं. आमच्या घरात निर्णय घेणं म्हणजे चहा गार होईपर्यंत गप्प बसणं. तो बसला. मग म्हणाला, “आई म्हणेल तसं.” मी डॉक्टरांकडे एकटीच गेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की फार पिकू दिला तर आत फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, आणि दाबानं गेलेली नजर कोणाच्या बापाला परत आणता येत नाही. मी घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी डिझायनर बाईला फोन करून सगळं खरं सांगितलं: रंग आजारी डोळ्याचा आहे, डोळा वाचवायचा आहे, तुमचं काम आवरा. तिला धक्का बसला. ती वाईट बाई नव्हती. “नाही, नाही, ऑपरेशन आधी,” ती लगेच म्हणाली. मग जरा थांबून, “पण केवढी विलक्षण गोष्ट आहे ही. गालिच्याबरोबर आपण एक कार्ड ठेवतो ना, त्यावर घालू या?” आणि आणखी थांबून, अगदी हळू, “उरलंय तरी किती? फार नसेल ना?”

फोन ठेवल्यावर मला स्वतःचाच राग आला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांकडे मी मदत मागायला गेले होते.

त्या संध्याकाळी सासूबाई माझ्या मागाशी येऊन बसल्या. त्या कधी बसत नसत. विणलेल्या भागावरून हात फिरवत म्हणाल्या, “माझ्या वडिलांनी जन्मभर रंगवलं. कोणी विचारलं का, की हे कोणी केलं? मला विचारतात. आता मी काय सांगू? ते एका खराब डोळ्याचं काम होतं, तो डोळा मी दुरुस्त करून घेतला, आता काही शिल्लक नाही?”

“डोळा शिल्लक राहील, आई.”

“हो, राहील,” त्या म्हणाल्या. “बघायला राहील. करायला नाही.”

माझं तोंड गल्लीत प्रसिद्ध आहे. कोणाला काय उत्तर द्यायचं हे मला शोधावं लागत नाही. त्या संध्याकाळी मी पुढची ओळ विणायला घेतली.

मला एकच गोष्ट करता येत होती: घाई. गालिचा लवकर उतरला की डोळा लवकर दवाखान्यात जाईल, हा माझा हिशेब. मी पहाटे मागावर बसायचे ती बोटं चिरेपर्यंत. आमच्यासारख्यांच्या नशिबात हिशेबसुद्धा उलटा. मी जितकी भरभर विणायचे, तितकी लोकर भरभर संपायची, तितक्या वेळा त्या पुन्हा डाव्या डोळ्यावर झाकण बांधून हंड्यावर वाकायच्या. दाराच्या अलीकडे मी त्यांचा डोळा वाचवत होते आणि पलीकडे तोच डोळा माझ्या मागाला खाऊ घालत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि तो डोळा जात होता. मला ते दिवसागणिक हातात कळत होतं, कारण लड्या माझ्या हातातून जात होत्या. गालिच्याच्या सुरुवातीला पानाची थोडी तरी आठवण होती. मध्यावर पाणी झालं. शेवटाकडे रंग इतका खोल झाला, की ढगाळ दिवशी मला धागा ओळखायला तो खिडकीशी न्यावा लागायचा. डिझायनर बाई येऊन बघून गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं सुंदर तिनं काही पाहिलं नव्हतं म्हणे. मीही पाहिलं नव्हतं. पण मला त्यात जे दिसत होतं ते तिला दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तर तेही तिनं कार्डावर घातलं असतं.

रंगीत भाग संपला. राहिली होती फक्त कड, आणि कड बिनरंगाच्या लोकरीची, मेंढीच्या अंगावरून उतरते तशी. मी उठून आत गेले. “आता तुमचं काही काम नाही, आई. उद्या जाऊ या.”

“गालिचा उतरू दे.”

“रंग संपलाय. हत्ती गेलाय, शेपूट राहिलंय.”

“आणि कडेला विणताना कुठे धागा तुटला, आतली एखादी ओळ उसवावी लागली, तर? एक लडी कमी पडली तर कोण करेल? तू?” हा त्यांच्या वडिलांचा नियम होता, आणि त्यात काही चूक नव्हती. रंगवणाऱ्यानं जागा सोडायची नाही. मी काही बोलले असते तर त्यांच्या सगळ्या आयुष्याशी भांडल्यासारखं झालं असतं. मी परत येऊन कड विणायला बसले.

धागा कुठे तुटला नाही. लडी कमी पडली नाही. कड निम्मी झाली असताना एका सकाळी त्या चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबल्या आणि कप खाली ठेवून त्यांनी कपाळ दाबून धरलं. उजवा डोळा लालभडक झाला होता. त्यांना उलटी झाली. कधी हाय म्हणून न म्हणणारी बाई भिंतीला डोकं लावून कण्हत होती, आणि माझा नवरा गाडीची किल्ली हातात असताना किल्ली शोधत होता.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी सगळं केलं, लगेच केलं. दुखणं थांबलं, लाली उतरली. पट्टी काढून त्यांनी बॅटरी लावली आणि विचारलं, “उजेड दिसतो?” सासूबाईंनी थोडा विचार केला, शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारली का याचा अंदाज घ्यावा तसा. “नाही,” त्या म्हणाल्या. पुढे काही विचारायचं राहिलं नाही.

उरलेली कड मी एकटीनं विणली. गालिचा उतरवला, गुंडाळला, माणसं घेऊन गेली. डिझायनर बाईनं नंतर फोटो पाठवला. काचेच्या भिंतीतून ऊन आलं आहे, लोक बॅगा ओढत चालले आहेत आणि त्यांच्या पायाखाली तो हलतो आहे, एका टोकाला पान, दुसऱ्या टोकाला खोल पाणी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात एक डोळा जातो, हे त्यातल्या कोणाला माहीत असणार? सासूबाईंनी तो फोटो डाव्या डोळ्यानं पुष्कळ वेळ पाहिला.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “ज्या डोळ्यानं केला, त्यानं एकदाही बघितला नाही.”

मला रडू आलं. त्यांना नाही आलं, म्हणून मी आत जाऊन रडले.

पुढच्या मोसमात डिझायनर बाई भेटायला आली, फळं घेऊन. खूप वेळ बसली, त्यांचा हात हातात धरून. उठताना माझ्या नवऱ्याला सांगून गेली, की आता लोकांचा कल बदललाय, रंग नकोसे झालेत, सगळ्यांना नैसर्गिक हवंय. कडेला लावली होती तशी लोकर. मेंढीच्या रंगाची. तसे गालिचे आपण करू शकाल का? नवरा म्हणाला करू. मी आता तेच विणते. ते चांगले दिसतात, डोळ्याला त्रास देत नाहीत.

हंड्यांना काही काम उरलं नाही. तरी सासूबाई रोज रंगखोलीत जातात. उरलेल्या लोकरीतून एखादी लडी घेतात, लहान हंडा चढवतात. डावा डोळा उत्तम आहे, डॉक्टर दर वेळी सांगतात, तरुणाला लाजवेल असा आहे. त्या डोळ्याला पान पानासारखं दिसतं. पण ज्या बाईला इतकी वर्षं खात्री होती आणि इतकी वर्षं चूक होती, तिनं आता खात्रीचं काय करायचं? डॉक्टरांकडे त्याचं औषध नाही, आणि माझ्याकडे तर काहीच नाही.

त्या धागा मनगटावर ठेवतात, फुंकतात, खिडकीशी नेतात. ‘आला’ म्हणत नाहीत. दार ढकलून मला हाक मारतात.

“बघ गं. हा कोणता आहे?”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी लडी हातात घेऊन उलटसुलट केली. त्या खोलीत ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं.

“हिरवा,” मी म्हणाले.

“नुसता हिरवा?”

“नुसता हिरवा, आई. पानाचा.”

मी काठीच्या आवाजाची वाट बघत होते. काठी त्यांच्या हातातच होती. त्यांनी मान हलवली, लडी दोरीवर टाकली, आणि हंड्यातून दुसरी काढून माझ्यापुढे धरली.

“आणि हा?”